मोठ्या गोबऱ्याच्या पोटात गाबोळी नसते

मित्रांनो, आधी माझं तोंड बघून दचकू नका. तोंड मोठं आहे, खालचा ओठ पुढे आलाय आणि चेहरा कायम रुसल्यासारखा दिसतो, हे मला ठाऊक आहे. आमच्या जातीत सगळे असेच. मी एक जुना गोबरा आहे. मालवणकडे आम्हाला हेकरू म्हणतात म्हणे, पण मी रत्नागिरीचा, तेव्हा गोबराच बरा. मांडवीच्या जेटीपासून होडीने अर्ध्या तासावर एक खडप आहे. खडप म्हणजे समुद्राच्या तळाचा खडक. तिथे सात वाव पाणी आहे. माणसाने दोन्ही हात पसरले की होते ती एक वाव. त्या खडपाच्या दक्षिणेच्या कपारीत मी राहतो. तुमच्यातलं पाचवीतलं पोर माझ्याशेजारी आडवं झालं तर मी त्याच्या छातीच्या वर येईन.

मला गप्पांची सवय नाही. आम्ही गोबरे एकलकोंडे. एका कपारीत एकच जण राहणार, दुसरा आला की अंगावर धावून जायचं, हा आमचा शेजारधर्म. पण एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे. ती एका माणसाला सांगायची आहे आणि मला काही सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला गाठलं. शेवटी एक काम सांगणार आहे, तेव्हा मध्येच उठून पळू नका.

माझा जन्म याच खडपावरचा. जन्म म्हणजे काय, आई अंडी पाण्यात सोडते आणि मोकळी होते. अंडं तरंगत वर जातं, वारा नेईल तिकडे जातं. महिना-दीड महिना मी नुसता मोहरीएवढा जीव होतो आणि पाण्याबरोबर वाहत होतो. माझ्याबरोबरच्या हजारांतले किती वाचले ते विचारू नका. मी वाचलो कारण भरतीने मला भाट्याच्या खाडीत ढकललं. तिथे तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांत बोटभर पाणी, भरपूर चिखल आणि बारीक कोलंबी. आम्हा गोबऱ्यांचं बालपण खाडीतच जातं. कोणी खाडीत भराव घालून तिवरं तोडली की मी इथे खोल पाण्यात कळवळतो, तो काही उगाच नाही. ती आमची बालवाडी आहे.

दुसऱ्या वर्षी अंगाने भरल्यावर मी खाडी सोडली आणि खडपावर आलो. इथे आल्यावर शिकलो की मागे धावून काही मिळत नाही. आमची शिकारीची पद्धत आळशी माणसाला फार आवडेल. कपारीच्या तोंडाशी गप्प बसायचं. दगड करडा असेल तर आपण करडं व्हायचं, दगडावर सावल्यांचे पट्टे असतील तर अंगावर पट्टे आणायचे. खेकडा किंवा एखादा बारका मासा जवळ आला की तोंड एकदम उघडायचं. तोंड इतकं मोठं की पाण्याबरोबर तो आपोआप आत येतो. चावायबिवायची भानगड नाही. दातांचा उपयोग फक्त तो परत बाहेर जाऊ नये म्हणून.

तेव्हा या खडपावर सहा थोराड गोबरे होते. सगळ्यांत मोठा होता तो दक्षिणेच्या या कपारीत राहायचा. आम्ही त्याला थोरला म्हणायचो. मी त्याच्या कपारीवरून नुसता पोहत गेलो तरी तो तोंड वासून धावायचा. मला त्याचा मनापासून राग यायचा. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता युसुफचाचा. राजिवड्याचा युसुफ होडेकर. सगळं बंदर त्याला चाचा म्हणतं, तर मीही चाचाच म्हणतो. तो जाळं टाकत नसे, तो गरवायचा. नायलॉनच्या तंगुसाला शिसं आणि गरी, म्हणजे गळ, लावायची, गरीला म्हाकुलाचा, तुमच्या त्या स्क्विडचा, तुकडा, आणि बोटावर दोरी धरून बसायचं. हे खडप त्याला त्याच्या बापाने दाखवलेलं. दीपगृह आणि भाट्याकडचा एक जोडमाड एका रेषेत आले की खाली आम्ही, एवढी सोपी खूण. त्याच्या होडीचं मशीन बंद झालं की मला कळायचं, चाचा आला. लाकडी होडीतलं बोलणं फळीवरून थेट पाण्यात उतरतं, आणि आमचे कान तुमच्यापेक्षा काही वाईट नाहीत.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली, पावसाळ्यानंतर, मी त्याच्या गरीला लागलो. तेव्हा मी हातभर होतो. भूक लागली होती, म्हाकूल समोर आलं, अक्कल गेली. वर ओढताना पोट असं फुगलं की डोळे बाहेर येतील वाटलं. खोल पाण्यातून भरकन वर आणलं की आमच्या पोटातली हवा फुगते. तसंच पाण्यात सोडलं तर आम्ही उलटे तरंगतो आणि घारी येऊन टोचतात.

चाचाने मला हातात धरलं, वळवून बघितलं. मग फळीच्या खोबणीतलं दाभण काढलं, माझ्या छातीजवळच्या परामागे एका ठरावीक जागी हळूच टोचलं. हवा सुस्स करून गेली.

"जा बाबा लेकरा," तो म्हणाला. "मोठं हो. मोठं झालंस की बघू."

शेजारी आत्मारामची होडी होती. आत्माराम वयाने लहान, जिभेने मोठा. तो ओरडला, "चाचा, परत टाकलात? अहो, लोक मासे पकडतात, तुम्ही मासे पाळताय की काय?"

"लेकरू सोडावं, म्हातारं घ्यावं," चाचा म्हणाला. "म्हातारं घेतलं तर कुणाचं काय जात नाय."

"घरी जन्नतचाची विळी घेऊन बसली असेल!"

"बसू दे. तिला कापायला मोठंच देणार मी."

मी खाली आलो आणि कपारीत शिरलो. मित्रांनो, मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं. आजही वाटतं. लहान मासा हातात असताना तो सोडायला मोठं मन लागतं, आणि चाचाने तो नियम कधी मोडला नाही. त्याच्या हातून किती लहान गोबरे दाभण टोचून परत खाली आले, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. अल्लाने त्याला चांगलं मन दिलं होतं. पण नुसत्या चांगल्या मनाने काम भागत नाही, हेच तर माझं दुखणं आहे.

आता एक गंमत सांगतो. हसायचं नाही हं. मी तेव्हा मादी होतो.

हसलात ना? हसा. पण आमच्यात सगळे मादी म्हणूनच मोठे होतात. गोबरा तीन-चार वर्षांचा झाला की अंडी घालायला लागतो. मीही घातली. मी आई होतो, आणि बरी आई होतो. मग आठ-दहा वर्षांचं वय झालं, अंग भरलं आणि खडपावर मोठा नर उरला नाही, की आमच्यातली सगळ्यांत थोराड मादी हळूहळू नर होते. महिनोन् महिने लागतात. रंग गडद होतो, अंडी आटतात, स्वभाव तर आधीच खराब असतो तो आणखी बिघडतो. म्हणजे काय झालं, लहान गोबरा दिसला की ती आई. मोठा थोराड दिसला की तो बाप. आणि बाप नेहमीच थोडे. तीस-चाळीस आयांमागे पाच-सहा.

वर्षातून एकदाच आम्ही भांडणं विसरतो. पाऊस सरतो, पाणी निवळतं, आणि अमावास्येच्या आसपास सगळे गोबरे खडपाच्या पश्चिमेला वाळूच्या मोकळ्या जागेवर जमतात. सूर्य बुडायच्या वेळेला मादी वर झेप घेते, थोराड नर तिच्यामागे जातो, अंडी आणि त्याचं पाणी एकत्र मिसळतं. त्या जमण्यावर पुढच्या सगळ्या खडपाचं आयुष्य टांगलेलं असतं. नर नसेल तर अंडी नुसती वाहून जातात, खाडीत एकही लेकरू पोचत नाही.

आता तुमच्या ध्यानात आलं असेल. चाचाच्या नाही आलं.

नव्व्याण्णव साली त्याने थोरल्याला नेलं. मित्रांनो, मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? कपारीवरून पोहायला मोकळीक मिळाली म्हणून मी त्या दिवशी दोन खेकडे जास्त खाल्ले. पुढच्या वर्षी आणखी एक थोराड गेला, त्याच्या पुढच्या वर्षी दोन. दर वेळेला मी मनात म्हणायचो, बरं झालं, जागा झाली. जमण्याच्या दिवशी वाळूवर आम्ही माद्या तेवढ्याच असायचो, चाचाने सोडलेल्या, धडधाकट. नर मात्र पाच, मग चार, मग दोन. दोन हजार दोन साली एकच उरला आणि त्या बिचाऱ्याची तारांबळ बघवत नव्हती. आणि दोन हजार तीन साली कोणीच नाही. सूर्य बुडाला. आम्ही एकमेकींची तोंडं बघत बसलो आणि मग आपापल्या कपारीत परत गेलो.

याच सुमारास चाचाचं कौतुक झालं. आत्मारामनेच ते होडीतून मोठ्याने सांगितलं म्हणून मला कळलं. एका शाळेने चाचाला बोलावलं होतं. शाल दिली, नारळ दिला. चाचाने पोरांसमोर उभं राहून सांगितलं, "लहान मासा सोडा, मोठा घ्या, म्हणजे दर्या कधी रिकामा होणार नाय." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"चाचा, आता तुम्ही फोटोत आलात," आत्माराम म्हणाला. "आमच्याकडे बघणार पण नाय."

"गप रे," चाचा म्हणाला. पण तो खूश होता. त्या दिवशी तो गाणं गुणगुणत गरवत होता.

मी खाली बसून ऐकत होतो. माझ्या अंगात तेव्हा काहीतरी फिरायला लागलं होतं. मीच आता खडपावरचा सगळ्यांत थोराड होतो. अंडी आटली, अंग काळपट झालं, गळा जाड झाला. दोन हजार चार साली मी पहिल्यांदा नर म्हणून वाळूवर गेलो. नवखा होतो, धड काही जमलं नाही. पण पुढच्या वर्षी मी तयार होतो. थोरल्याची कपार आता माझी होती. आणि तिच्यात बसून मला पहिल्यांदा समजलं की थोरला गेला तेव्हा मी हसायला नको होतं.

दोन हजार पाच. पाणी निवळलेलं. जमण्याला चार दिवस राहिले होते. गरी आली. मला ती ओळखता यायला हवी होती, सात वर्षांपूर्वी तिनेच मला वर नेलं होतं. पण म्हाकुलापुढे गोबऱ्याचं काही चालत नाही. मी तोंड उघडलं.

चाचा आता साठीला आला होता. मला होडीत घेताना त्याला दम लागला. "या अल्ला, केवढं धूड!" तो म्हणाला. त्याने मला मारलं नाही. निळ्या प्लास्टिकच्या अर्ध्या पिंपात समुद्राचं पाणी भरलं, मला त्यात ठेवलं, वर ओलं गोणपाट टाकलं. कारण घरी त्याची लेक आलिया बाळंत झाली होती, चौथा दिवस होता. होडेकरांच्या घरी बाळंतिणीला गोबऱ्याच्या डोक्याचं कालवण द्यायची रीत. आलियाच्या वेळी जन्नतबीला चाचाच्या आईने दिलं होतं, त्याच्या आईला तिच्या सासूने. डोकं मोठं पाहिजे आणि मासा जिवंत असतानाच घरी आला पाहिजे. चाचा चार दिवस त्याच्यासाठीच खडपावर येत होता.

राजिवड्याच्या बंदरात होडी लागली. गोणपाट निघालं आणि मला दोन बायका दिसल्या. एक जन्नतबी, चाचाची बायको, पदर खोचून, विळी पुढ्यात. दुसरी तरुण, खांद्याला पिशवी, हातात काचेच्या बाटल्या. ती रेणुका तांबे, कॉलेजात माशांचं शिकवणारी. माशांच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, केव्हा होतात, किती होतात, हे ती शोधत होती आणि त्यासाठी दर मंगळवारी बंदरात येऊन माशांच्या पोटातलं काय काय बाटलीत भरून न्यायची.

"चाची, याचं पोट मी फाडू?" रेणुकाने विचारलं. "आतलं सगळं नीट हवंय मला."

"फाड गो बाय," जन्नतबी म्हणाली. "पण गाबोळीची आशा धरू नको, आधीच सांगते. वीस वरसं ह्यांचे मोठे गोबरे कापतेय, एकाच्या पोटात गाबोळी गावली असेल तर शपथ. नुसतं धूड. आत काय नाय."

रेणुकाचा हात थांबला. "एकाच्याही नाही?"

"एकाच्या नाय. बाजारात लोकांचे लहान गोबरे कापून देते ना, त्यांच्यात असते. ही अशी भरलेली, पिवळीधमक. मी ह्यांना दर खेपेला सांगते, तर म्हणतात, तुला काय कळतंय, तू आपलं कापायचं बघ."

चाचा हसला. "अगो, म्हातारी मादी ती. बायामाणसाचं कसं, वय झालं की संपलं, तसंच तिचं. म्हणून तर मी तीच घेतो. जी विणार नाय ती घेतली तर पाप कसलं?"

रेणुका उकिडवी बसली. पिंपात वाकून तिने मला नीट बघितलं. मी पण तिला बघितलं. दुसरं काय करणार होतो?

"चाची," ती म्हणाली, "गाबोळी नसते, मग त्या जागी काय असतं?"

"काय नाय. एक पांढरट पट्टी असते, चरबीसारखी. मांजराला टाकते मी."

"चाचा," रेणुका अगदी हळू म्हणाली, "ती चरबी नाही. ही म्हातारी मादी नाही. हा नर आहे. गोबऱ्यात लहान असतात त्या सगळ्या माद्या, आणि मोठ्या झाल्या की त्यांतल्याच थोड्या नर होतात. मी पुस्तकात वाचलं होतं, पण आपल्या इथे कोणी इतकी वर्षं मोठेच कापलेत असं मला माहीत नव्हतं. तुम्ही आया सोडल्यात आणि बाप नेलेत."

चाचाच्या हातात दोरी होती. ती त्याने खाली ठेवली.

"सगळे?" तो म्हणाला.

"मोठे तेवढे सगळे. खडपावर आता मोठे किती दिसतात?"

"हा एक," चाचा म्हणाला. "तीन वरसांत हा एकच."

मला श्वास घ्यायला जड जात होतं. पिंपातलं पाणी कोमट झालं होतं. पण माझ्यापेक्षा त्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता.

"मी शाल घेतली गो," तो जन्नतबीला म्हणाला. "पोरांसमोर उभा राहून सांगितलं. टाळ्या घेतल्या."

जन्नतबीची जीभ सगळ्या राजिवड्याला माहीत होती. मला वाटलं, आता ती चांगली फैलावर घेणार. वीस वर्षांचं साठलेलं होतं तिच्याकडे. पण तिने विळी मिटली.

"चाचा, तुमचा नियम खोटा नाही," रेणुका घाईने म्हणाली. "बाकीच्या माशांना तो चालतो. फक्त गोबऱ्याचं तंत्र वेगळं. लहान सोडायचा, थोराडही सोडायचा, घ्यायचा तर मधला. आणि हे आताचे जमायचे दिवस असतात, तेव्हा खडपावर गरीच टाकायची नाही."

चाचाने मान हलवली, पण तो घराकडे बघत होता. "आलियाचं काय?" तो म्हणाला. "डोकं द्यायची रीत आहे. तिला मी सांगून आलोय."

"आलियाला मी मुडदुशी माशाचं कालवण घालते," जन्नतबी म्हणाली. "अंगाला हलकं असतं, दूध पण येतं. एका बाळंतिणीसाठी सगळ्या खडपाला वांझ करायचं काय? उचला पिंप. बघता काय माझ्या तोंडाकडे? तो मरेल ना!"

रेणुकाने बादलीने ताजं पाणी माझ्यावर ओतलं. चाचाने पिंपाचा एक कान धरला, जन्नतबीने दुसरा, आणि ती पिंपाबरोबर होडीत चढली. चाचा बघतच राहिला. त्यांच्या घरातली बाई गरवायच्या होडीत कधी चढली नव्हती.

"मी येणार," ती म्हणाली. "चाळीस वरसं मासे कापले. पोहणारा एक पण बघितला नाय."

अर्धा तास ती ओंजळीने माझ्या तोंडावर पाणी मारत होती. दीपगृह आणि जोडमाड रेषेत आले. चाचाने खोबणीतून दाभण काढलं. जागा चुकली नाही. हवा सुस्स करून गेली. मग दोघांनी मिळून मला पाण्यावर धरलं.

"माफ कर बाबा," चाचा म्हणाला. "तुझे भाऊबंद मी नेले. मला वाटलं मी पुण्य करतोय."

त्यांनी हात सोडले. मी थोडा वेळ तसाच राहिलो, मग शेपटी हलवली. खाली जाताना मला वरून जन्नतबीचा आवाज आला. "गेला बघा! कसा गेला! आई गो!" ती लहान पोरीसारखी ओरडत होती आणि रडत पण होती.

चार दिवसांनी सूर्य बुडताना मी वाळूवर गेलो. एकोणीस माद्या आल्या. मी माझं काम केलं, आणि या वेळेला बरं केलं.

चाचाने निघताना रेणुकाला विचारलं होतं, याची पोरं झाली हे मला कसं कळणार? ती म्हणाली होती, खाडीत तिवरांच्या मुळांत बघा, पुढच्या-त्याच्या पुढच्या वर्षी बोटाएवढे गोबरे दिसले तर समजा. झालं! त्यानंतर चाचा आमच्या खडपावर गरवला नाही. तो नुसता यायचा, मशीन बंद करायचा आणि काठावरून वाकून मला खबर द्यायचा. दोन हजार सहा साली म्हणाला, "नाय रे. भाट्याची खाडी सगळी धुंडाळली. काय गावलं नाय." दोन हजार सातला आला तेव्हा त्याला होडीत नीट बसता पण येत नव्हतं. "नाय बाबा," एवढंच म्हणाला आणि गेला. त्यानंतर आला नाही.

आता आत्माराम येतो कधी कधी. चाचाने त्याच्याकडून वचन घेतलंय, जमायच्या दिवसांत तोही या खडपावर गरी टाकत नाही. त्याच्याच तोंडून ऐकलं. चाचाच्या गुडघ्यांनी दगा दिला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. तो राजिवड्याच्या बंदरात आपल्या पालथ्या होडीवर बसून असतो. शाल त्याने पुन्हा अंगावर घेतली नाही. कोणी काही विचारलं की म्हणतो, "मी दर्या राखायला गेलो आणि माझ्याच हाताने खडप संपवलं."

हे ऐकून मला काय वाटतं ते कसं सांगू? कारण दोन हजार आठच्या पावसाळ्यानंतर, एका सकाळी, माझ्या कपारीसमोर काहीतरी हललं. वीतभर, करडं, अंगावर नारिंगी ठिपके. मी सवयीने तोंड उघडलं. गिळणारच होतो. मग त्याचा ओठ दिसला. पुढे आलेला, रुसलेला. मी तोंड मिटलं, मित्रांनो, आणि त्याला जाऊ दिलं. त्याच्यामागे आणखी होते. ज्या कपारीत मी हातभर असताना राहायचो, तिच्यात आता एक राहतो आणि दुसरा आला की अंगावर धावून जातो. अगदी आमच्या वळणावर गेलाय.

चाचा भाट्याच्या खाडीत शोधत राहिला. पोरं तिथे नव्हतीच. त्या वर्षी पाण्याची ओढ दक्षिणेला होती, अंडी तिकडे वाहत गेली आणि पोरं पूर्णगडच्या खाडीतल्या तिवरांत वाढली. मासेच ते, राजिवड्याला विचारून थोडेच जाणार? आणि मी त्याला सांगणार कसा? मला तोंड एवढं मोठं दिलं देवाने, पण त्यातून शब्द बाहेर निघत नाही.

मित्रांनो, मी जुना झालोय. उपदेश करायचा मला अधिकार नाही, एकाच्या मरणावर मी दोन खेकडे जास्त खाल्लेत. तरी एक सांगतो. कोणावर दया करायची असेल तर आधी त्याचं जगणं समजून घ्या. आणि जो रोज हाताने काम करतो, कापतो, धुतो, त्याचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका. वीस वर्षं खरं उत्तर जन्नतबीच्या विळीवर पडलेलं होतं.

आता ते काम. तुमच्यातलं कोणी राजिवड्याला गेलं तर बंदरात पालथी होडी शोधा. तिच्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला दिसत कमी असेल, तेव्हा जवळ जाऊन बोला. पण त्याच्याआधी घरात जा आणि जन्नतबीला सांगा, या वेळेला तरी तिला आधी कळू दे. मग दोघांना मिळून सांगा, पोरं पूर्णगडला गेली होती. आता घरी आली आहेत. मी मोजली, नऊ आहेत.